न राखलेला हरभरा

बायनाबाईची आणि पाखरं बघणाऱ्या मंडळींची पहिली ओळख झाली ती गोफणीतून सुटलेल्या दगडाने. त्यात चूक आपली होती, हे तिने आजतागायत कबूल केलेलं नाही.

झालं असं, की सहा वर्षांमागे डिसेंबरातल्या एका सकाळी उंबरदऱ्याच्या तलावावर बीडहून दोन गाड्या आल्या. थंडीच्या दिवसांत ही मंडळी दर रविवारी कुठल्या ना कुठल्या पाण्यावर जातात; कधी पालीच्या तलावावर, कधी इकडे धारूरच्या डोंगराखाली. माणसं उतरली, त्यांनी काठावर तीन पायांची घोडी उभी केली, तिच्यावर नळकांडं बसवलं आणि एकजण त्याला डोळा लावून पाण्याकडे बघू लागला. पलीकडे बायनाबाई शेळ्या चारत होती. तिने ते पाहिलं आणि तिच्या अंगाचा भडका उडाला. बेचाळीस वर्षांपूर्वी, ती नवी नवरी म्हणून या गावात आली त्याच साली, असंच तीन पायांचं यंत्र घेऊन माणसं आली होती. तीही अशीच एक डोळा मिटून बघत होती. मग धरण झालं आणि तिच्या सासरची सात एकर काळी जमीन पाण्याखाली गेली. आता उरलेला अडीच एकर माळही मोजायला आले म्हणायचे! लहानपणापासून लोकांच्या जोंधळ्यावरची पाखरं हाकलून तिचा हात असा बसलेला, की पहिल्याच दगडात घोडीचा एक पाय वाकला.

"अहो मावशी, थांबा!" दोन्ही हात वर करून एक बाई पुढे आली. ती ऋतुजा, बीडच्या एका कॉलेजात शिकवणारी. "आम्ही मोजणीवाले नाही. पक्षी बघायला आलोय."

"पाखरं बघाया यंत्र कावून लागतंय? डोळे फुटले का तुमचे?"

ऋतुजा चिडली नाही, हा तिचा मोठेपणा. दुसरं कुणी असतं तर थेट पोलीस चौकी गाठली असती. तिने वाकडा पाय दगडाच्या आधाराने टेकवला आणि म्हातारीलाच दुर्बिणीपुढे बसवलं. बायनाबाईने डोळा लावला आणि तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बदकापेक्षा मोठं राखी पाखरू, चोच पिवळी, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. ते पाखरू तिच्या डोळ्याला डोळा लावून बसलं होतं. त्याच्या शेजारी, उतरलेल्या पाण्यातून नुकतंच वर आलेलं एका विहिरीचं दगडी कडं होतं.

"आगं बया," ती म्हणाली, "ह्ये तर माझ्या रानात बसलंय!"

ती विहीर तिच्या सासऱ्याने खोदलेली. पाणी ओसरलं की दरसाल तिचं कडं डोकं वर काढायचं आणि बायनाबाई तिकडे पाठ फिरवायची. ऋतुजाने सांगितलं, याला पट्टकदंब म्हणतात, तिबेटाकडून हिमालयाच्या वरून उडत येतात, थंडी संपली की परत जातात. "बोलावतंय कोन त्येंला?" बायनाबाईने विचारलं. कुणीच नाही, असं ऋतुजा म्हणाली. बायनाबाईने पुन्हा एकदा नळकांड्याला डोळा लावला. मग दगडाबद्दल चकार शब्द न काढता तिने सगळ्यांना शेळीच्या दुधाचा चहा पाजला.

त्या दिवसापासून ती त्यांची वाटाड्या झाली. ही शहरातली माणसं मातकट कपडे घालून, तोंडाला कुलूप लावून, मांजरीच्या पावलांनी चालायची आणि शंभर पावलांवरूनच थवा भुर्रकन उडायचा. बायनाबाई लाल लुगड्यात, शेळ्यांना शिव्या घालत त्याच काठाने जायची आणि एक पाखरू मान वर करायचं नाही. "शेळ्यांच्या मधून चाला," तिने सगळ्यांना शिकवलं. "आन् मधीच थांबू नगा. थांबला की त्येंला कळतंय, ह्यो मनात कायतरी धरून आलाय." तेव्हापासून उंबरदऱ्यावर प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतले साहेब शेळ्यांच्या मागे लेंड्या तुडवत चालताना दिसू लागले. गावाला फुकटची करमणूक झाली.

म्हातारीला पाखरांचं वेड लागलंय, असं लोक म्हणायचे. वेड कसलं, तो राग होता. तलावाने गावाला काय दिलं? गहिनीनाथ आबांच्या उसाला पाणी दिलं. आबा म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य आणि पुढच्या प्रत्येक निवडणुकीचे इच्छुक. पाणी उपसणाऱ्या त्यांच्या सहा मोटारी परवान्याविना तलावात बसलेल्या. ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांच्या माळावर घागरभर पाणी चढलं नाही. "माझ्या काळीचं पानी झालं आन् त्या पान्याचा ऊस झाला त्येच्या दारात," बायनाबाई म्हणायची. "मला ह्या तळ्यानं दिली ती ही पाखरं. तेवढी तर म्या कुनाला देनार न्हाई."

आणि नेमकी तीच घ्यायला आबा निघाले.

दिवाळीनंतर तलावाचं पाणी ओसरतं आणि काठाचा गाळ उघडा पडतो. ती जमीन एका हंगामापुरती पेरायला मिळते, तिला गाळपेर म्हणतात, आणि तिच्यावर पहिला हक्क असतो ज्यांची जमीन बुडाली त्यांचा. उंबरदऱ्यात हा हक्क कागदावर अगदी ठणठणीत होता. पट्ट्या निघायच्या धरणग्रस्तांच्या नावावर, आणि पेरायचे आबा. ज्याच्या नावाची पट्टी, तोच तिच्यावर आबांकडे रोजाने जायचा. इतकी वर्षं हे चाललं, कारण कागदावर सही करताना तो कसला कागद आहे हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. बायनाबाईची सही तिचा थोरला मुलगा अंगदच घेऊन जायचा. अंगद आबांची गाडी चालवतो.

यंदाही तो कागद घेऊन आला. "आये, सही कर."

"आवंदा काय पेरनार हाय तुजा आबा?"

"हरभरा. आन् समद्या काठाला तार मारून करंटाची झटका मशीन बसवायची. पाखरं लई नास करतेत. राखनीला आश्रुबातात्या फटाके घेऊन बसनार हाय."

"आन् रविवारची मान्सं?"

"त्येंला बी बंद. फोटू काढतेत, त्यात आबांच्या मोटारी येतेत."

बायनाबाईने कागदाच्या चार घड्या घातल्या आणि तो कनवटीला लावला. "सही करते की. हापिसात जाऊन करते."

"आये, माझी नोकरी जाईल!"

"तू त्येची गाडी चालव, मला नगो चालवू," असं म्हणून ती एसटीच्या थांब्याकडे निघालीसुद्धा.

पाटबंधारे ऑफिसातल्या कारकुनाने कागद वाचून ती पट्टी तिच्याच नावाची असल्याचं सांगितलं आणि दोनदा विचारलं, की पट्टी स्वतः कसणार का. तिने दोनदा हो म्हटलं. "पेरावी लागेल बरं का आजी," तो म्हणाला, "पडीक ठेवली तर रद्द होते." पेरते, म्हणाली. आणि पेरली. विहिरीच्या कड्यापासून पाण्यापर्यंतची वीस गुंठ्यांची पट्टी तिने पदर खोचून, पोटरीपर्यंत गाळात उतरून, एकेक दाणा हाताने टोबून पेरली. तोवर दोन्ही बाजूंनी आबांची तार येऊन भिडली होती. साऱ्या काठाला तेवढीच एक जागा मोकळी राहिली.

डिसेंबरात हरभरा वीतभर झाला आणि पट्टकदंब आले. सत्तर-ऐंशी तरी असतील. तारेच्या आत राखणदार फिरत होता, उतरायला दुसरी जागाच नव्हती, म्हणून ते सगळे बायनाबाईच्या पट्टीत उतरले आणि शेंडे खुडायला लागले. ऋतुजाचा जीव वरखाली झाला. "मावशी, अहो, सगळं खातील हे!"

"खाऊ द्या. जेवाया बसलेल्याला कुनी उठवतंय व्हय?"

गाव हसलं. पेरून पाखरांना चारणारी बाई कुणी पाहिली नव्हती. अंगदला तर तोंड दाखवायला जागा उरली नाही. एका संध्याकाळी तो दारातूनच ओरडला, "अगं, पाच गावात तुझ्यावानी गोफन कुनाला येत न्हाई, आन् तू बघत बसलीस? लोक मला काय काय बोलतेत!"

"ऐक," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि अंगदला तेच अवघड गेलं. "सात वर्साची हुते तवापून पाखरं हाकलली म्या. कुनाच्या रानातली? लोकांच्या. उपाशी पोटी लोकांचा दाना राखला. आता रान माझं हाय. माझ्या रानात कोन जेवनार, ते म्या ठरवीन."

आबांनी ऑफिसात तक्रार केली, की बाईने शासनाची जमीन वाया घालवली, पट्टी रद्द करा. पाहणीला तोच कारकून आला, तोही रविवारीच. बगलेत पट्ट्यांची वही, पुढे आबा, मागे गाडीपाशी खाली मान घालून अंगद. काठावर ऋतुजाची मंडळी शेळ्यांबरोबर हळूहळू फिरत होती. थवा पट्टीच्या टोकाला चरत होता.

कारकून वाकून बघत म्हणाला, "पेरलेलं दिसतंय. पण आजी, पीक कुठंय?"

"खाऊ लागलेत की."

"बघा! स्वतःच्या तोंडानं सांगतीये," आबा म्हणाले.

"साहेब, पेराया पायजे असं तुमी बोलला. राखाया पायजे असं हाय का तुमच्या कागदात?"

कारकुनाने नियमाचा कागद काढला, वरून खाली वाचला, उलटून पाठीमागे बघितलं. मग पेन काढून त्याने मोठ्याने म्हणत लिहिलं, "हरभरा पेरलेला आढळला. पक्ष्यांनी खाल्लेला आढळला." ऋतुजाच्या मंडळींतून कुणीतरी फिसकन हसलं. तेवढं आबांना सोसलं नाही.

"आश्रुबा! लाव बे सुतळी!"

आश्रुबा तारेच्या आत बसला होता. बायनाबाईच्याच वयाचा, त्याचीही चार एकर त्याच पाण्याखाली. रोजाने राखणीला होता, सांगेल ते करायचं हा त्याचा आयुष्याचा रिवाज. त्याने सुतळी बॉम्ब लावून फेकला. कान बधिर करणारा आवाज झाला आणि सगळा थवा एकदम वर उठला. शेळ्या चौखूर उधळल्या. पट्टकदंब ओरडत तलावावर फिरू लागले, एक फेरी, दोन फेऱ्या, प्रत्येक फेरी आधीपेक्षा लांबची.

बायनाबाई जागची हलली नाही. आता गेले तर गेले. पुन्हा या काठाला कशाला येतील? इतक्या वर्षांत ती धरणाकडे बघून रडली नव्हती, ती आता रडेल असं तिला वाटलं, आणि आबांच्या पुढ्यात तर मुळीच रडायचं नव्हतं म्हणून ती पट्टीच्या मधोमध मांडी घालून बसली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. थवा लांब पाण्यावर उतरला. मग त्यातले दोन पोहत काठाला आले, चालत पट्टीवर चढले आणि तिच्यापासून वीस पावलांवर हरभरा खुडू लागले. त्यांच्यामागे आणखी चार आले.

"दुसरा लाव!" आबा ओरडले.

आश्रुबाने दुसरा बॉम्ब हातात घेतला. बायनाबाईने बसल्या जागेवरून मान वळवली, पण आश्रुबाकडे नाही, कारकुनाकडे.

"साहेब, वही उघडीच हाय तर येक सांगा. तारेच्या आतली ही शेजारची पट्टी कुनाच्या नावावर हाय?"

"त्याचा इथं काय संबंध?" आबा म्हणाले. पण कारकुनाचं बोट ओळीवर पोचलं होतं आणि सवयीने त्याने खणखणीत आवाजात वाचलं, "आश्रुबा सटवा तांबडे. धरणग्रस्त. तीस गुंठे."

आश्रुबाने वर बघितलं. "माझ्या?"

"तुमच्याच. हा काय, खाली अंगठा आहे."

आश्रुबा तारेच्या खांबांकडे बघत राहिला. ते खड्डे त्यानेच रोजाने खणले होते. मग त्याने शेजारच्या हरभऱ्याकडे बघितलं, आणि हातातल्या बॉम्बकडे.

"आश्रुबा, बहिरा झालास का बे? लाव म्हनलं ना!"

"न्हाई लावत, आबा," आश्रुबा म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून तो जरा दचकलाच. काडेपेटी त्याने खिशात घातली. "रान माझं, हरभरा माझा. पाखरांनी खाल्ला तर माझा खातील. तुमाला कावून येवढं दुखतंय?"

त्याने जाऊन झटका मशीनचं बटण बंद केलं. तार त्यानेच मारलेली असल्यामुळे ती कुठून सोडायची हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो पहिल्या खांबापाशी खाली बसला आणि गाठ सोडायला लागला.