चला, पुढचं बघू

रविवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि समोरच्याला बोलू न देताच सांगून टाकलं, की माझा गुडघा धरलाय, आज गाडी निघणार नाही, तू आपला दुबेजींना पकड. रविवारी त्या वेळेला नेरूरकरशिवाय दुसऱ्या कुणाचा फोन येत नसे. पण पलीकडून आवाज आला तो नेरूरकरच्या बायकोचा, सुलभावहिनींचा, "भाऊजी, जरा येता का... हे उठत नाहीयेत." अख्ख्या गल्लीला रविवारी झोपू न देणारा माणूस उठत नाही, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत मी अर्धा जिना उतरलो होतो. गुडघ्याची आठवणसुद्धा झाली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, काही कळलंही नसेल. खरं सांगतो, मला त्या डॉक्टरांचा राग आला. नेरूरकर निजून जाईल, तेही न सांगता, हे मला आजही पटत नाही.

अरविंद नेरूरकर आणि मी भोपाळला एकाच वर्षी आलो, एकाच कारखान्यात. तो ड्रॉइंग ऑफिसात, मी हिशेबात. क्वार्टर शेजारी, आणि निवृत्तीनंतर भोपाळातच शाहपुऱ्यात घरंही एकाच गल्लीत. तो कोकणातला, खाडीच्या काठावर वाढलेला. मी वर्ध्याकडचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, आणि उन्हाळ्यात तिचाही भरवसा नाही. त्यामुळे पाणी प्यायचं असतं, बघायला जायचं नसतं, असं माझं साधं मत. पण नेरूरकरच्या पायाला भिंगरी होती आणि माझ्या दारात गाडी होती. तो स्वतः गाडी शिकला नाही. का, तर चालवणाऱ्याला रस्त्याकडे बघावं लागतं, आजूबाजूचं राहून जातं. हे तो मला, चालवणाऱ्याला, तोंडावर सांगायचा. अशा रीतीने माझे रविवार पाण्यात गेले. बडा तालाब, केरव्याचं धरण, कलियासोत धरणाचे दरवाजे उघडले की कलियासोत, हलाली, भोजपूरची बेतवा, तवा, लांबची सुट्टी मिळाली तर भेडाघाट. भेडाघाटला संगमरवराच्या कड्यांमधून नाव चालली होती, सगळे तोंडाचा आ करून बसले होते, आणि हा नावाड्याला विचारत होता, "भैया, इसके आगे क्या है?"

त्याचा क्रम ठरलेला असायचा. गाडी थांबते न थांबते तोच दार उघडायचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ पाण्यात. तोंडावर पाणी मारायचं, जमेल तिथे डुबकी, मग खांद्यावरच्या पंच्याने डोकं खसाखसा पुसायचं. एकदा लांबवर नजर टाकायची आणि जो कुणी शेजारी उभा असेल त्याला अगदी मनापासून सांगायचं, "काय जागा आहे... माझं झालं की मला इथेच आणून सोडा." हे म्हणून दोन-चार मिनिटं होतात न होतात तोच टाळी वाजवायची, "चला, पुढचं बघू." आम्ही अजून चपला काढत असायचो. एवढं पेट्रोल जाळून, एवढी वळणं घेऊन आणलेल्या माणसाला तिथे घटकाभर बसवत नाही, याचा मला संताप यायचा. मी तो बोलूनही दाखवायचो. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "देशपांड्या, तुला बसायचंय तर घरी खुर्ची आहे."

खुर्ची माझ्या घरी होती तशी त्याच्याही घरी होती. दाराशी वेताची. सहलीहून आला की ओला पंचा तो तिच्या पाठीवर टाकायचा आणि विसरून जायचा. वेत काळा पडला होता, एका बाजूने उसवला होता. वहिनींची आयुष्यभराची तक्रार काय, तर ओला पंचा. सोमवारी मी चहाला गेलो, की आधी पंचा उचलून गॅलरीतल्या दोरीवर टाकायचा आणि मग बसायचं, हा शिरस्ताच पडला होता. वहिनी आतून म्हणायच्या, "बघा भाऊजी, तुम्हाला दिसतो, ह्यांना दिसत नाही."

आणि वहिनी स्वतः? त्या प्रत्येक सहलीला असायच्या, पण गाडीत. मागच्या सीटवर, दार उघडं, पाय बाहेर, मांडीवर थालीपिठांचा डबा. सुरुवातीला माझी बायको त्यांना बोलवायची, पण त्या म्हणायच्या, "तुम्ही जा, मला इथूनच दिसतंय." मग आम्ही बोलवायचं सोडलं. वहिनींना पाण्याचं वावडं आहे, हे आम्ही आपसांत ठरवून मोकळे झालो. परत आल्यावर नेरूरकर पुढच्या सीटवरून मान वळवून विचारायचा, "काय, आवडलं ना?" वहिनी म्हणायच्या, "हो, छान आहे." आणि डबा उघडायच्या. मीठ-तिखट सगळं जिथल्या तिथे असलेली ती थालीपिठं आठवली, की आजही जीव खालीवर होतो.

माझी समजूत होती, की हा समुद्र सोडून आलेला माणूस, म्हणून असा तळमळतो. तळ्यात समुद्र शोधायचा आणि तो मिळाला नाही की पुढे पळायचं. एका हिवाळ्यात आम्ही सगळे त्याच्या गावी गेलो तेव्हा मी बायकोला म्हणालोसुद्धा, की आता बघ, इथे कसा मांडी घालून बसतो. सुरूच्या झाडांतून उतरलो आणि समोर त्याचा समुद्र. स्वच्छ, रिकामा, मासेमारीच्या दोन होड्या तेवढ्या ओढून ठेवलेल्या. नेरूरकर धावत गेला, न्हाला, डोकं पुसलं, मुलाला, निखिलला, जवळ घेऊन म्हणाला, "मला इथेच आणून सोड हं." आणि थोड्या वेळाने टाळी. चला, पुढचं बघू! मी वाळूत फतकल मारली आणि म्हटलं, मी उठणार नाही. तुझा स्वतःचा समुद्र आहे, आता तरी बूड टेक. तो हसला नाही. माझ्याशेजारी उभाच राहिला. म्हणाला, "नोकरीचं पत्र आलं ना, त्या संध्याकाळी इथेच बसलो होतो. उठवेना रे. वडिलांनी हाताला धरून उठवलं, तेव्हा कुठे गाडी पकडली. तेव्हापासून बसत नाही. बसलं की निघताना फार त्रास होतो." एवढं बोलून तो गाडीकडे चालू लागला. मागच्या सीटवर वहिनी होत्या, दार उघडं ठेवून, समुद्राच्या दिशेला.

तर असा हा माणूस गेला आणि आमच्यात भांडण लावून गेला. अस्थी कुठे सोडायच्या? आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत, जमिनीवरही ठेवत नाहीत. तांबडं फडकं बांधलेला कलश घरासमोरच्या कडुनिंबाच्या फांदीला टांगला होता, आणि त्याच्याखाली खुर्च्या टाकून आम्ही वाद घालत होतो. भोपाळचे सगळे नर्मदेला जातात, ही रीतच आहे. पण निखिल पुण्याहून आला तो एकच वाक्य घेऊन आला, की बाबांनी मला समुद्रावर स्वतः सांगितलंय. मी म्हणालो, समुद्राचं राहू दे, केरव्याच्या भिंतीवर माझा हात धरून तो म्हणाला होता, मला इथेच सोड. तेवढ्यात दुबेजी उठले. नेरूरकरचे शेजारी, बडा तालाबवर पहाटे फिरायला नेणारे. डोळे पुसत म्हणाले, "देशपांडे साब, माफ करना, पर भाईसाब ने तालाब पे मुझसे कहा था. सिर्फ मुझसे." मी दुबेजींकडे बघितलं, निखिल माझ्याकडे. प्रत्येकाला वाटत होतं, ते वाक्य फक्त त्याच्यासाठी होतं. मला हसू आलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. कारण मला तो शब्द पाळायचा होता. माझ्याकडे त्याचं तेवढंच उरलं होतं, आणि ते त्याने सगळ्या भोपाळला वाटलेलं होतं.

दहावा जवळ येत चालला. कोकणातून चुलत्यांचे फोन, पुण्याहून निखिलच्या सासऱ्यांचे. घरात कुणाला झोप नाही. वहिनी सगळ्यांना चहा देत होत्या. शेवटी निखिल चिडून म्हणाला, "आई, तू तरी सांग. तुला काय म्हणाले होते?" वहिनी पदराला हात पुसत झाडाखाली आल्या. "मला नाही सांगितलं. मला विचारायचे, आवडलं का. मी हो म्हणायचे. पण मी यातलं काहीच बघितलेलं नाही." कुणालाच कळेना. मग त्यांनी सांगितलं, अगदी साध्या आवाजात. लग्नानंतर त्याही उतरायच्या. पण साडी सावरून, चप्पल हातात घेऊन, दगडधोंडे चुकवत पाण्यापर्यंत पोचावं, तोवर हे परत फिरलेले, चला पुढचं बघू म्हणत. निखिल झाल्यावर आणखी जमेना. एक दिवस उतरल्याच नाहीत. "पळापळ करून अर्धवट बघण्यापेक्षा डबा सांभाळलेला बरा. आता मी सोडायचं कुठे ते कसं सांगू? मला आधी बघू दे. भाऊजी, गाडी काढा."

चुलत्यांना फोनवर कळलं तेव्हा ते म्हणाले, बायका जात नाहीत अस्थींबरोबर. वहिनी म्हणाल्या, "मी आजवर त्यांच्याबरोबर सगळीकडे गेलेय," आणि फोन निखिलच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वहिनी पुढे बसल्या, नेरूरकरच्या जागी. निखिल मागे, मांडीवर कलश. आधी बडा तालाब. हिवाळ्यातलं निळं पाणी, कडेला नावा, पलीकडे श्यामला टेकडीचं हिरवं. वहिनी उतरल्या. निखिलने उतरावं म्हणून मी मागचं दार उघडलं, तर तो म्हणाला, "काका, हे खाली ठेवता येत नाही. मी इथेच बसतो." तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी दाराला धरून उभा राहिलो... वहिनी पाण्याकडे चालल्या होत्या आणि नेरूरकर गाडीत होता. मागच्या सीटवर, दार उघडं ठेवून. वहिनींनी चपला काढल्या, एका पायरीवर नीट ठेवल्या, घोट्यापर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. घाई नाही. मीच घड्याळ बघत होतो. परत आल्या, मागे वळून कलशाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सुंदर आहे हो. तुम्ही खोटं बोलत नव्हता."

केरव्यालाही तसंच. भिंतीवरून खाली वाकून त्या झाडांची सावली पाण्यात हलते ते बघत राहिल्या. मी जरा आशेने विचारलं, की ही जागा कशी वाटते. वहिनी म्हणाल्या, "फार छान. पण भाऊजी, हे साठवलेलं पाणी. दोन दिवसांत कंटाळतील." मी वाद घातला नाही. माझ्या बाजूने बोलायला खुद्द नेरूरकर आला असता, तरी खटला मी हरलोच होतो.

नर्मदेवर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घाटाच्या पायऱ्यांवर माणसं, दिवे विकणाऱ्या बायका, गुरुजी. निखिलने कलश छातीशी धरला आणि या वेळी तोही खाली उतरला. वहिनी शेवटच्या पायरीवर बसल्या, पाय पाण्यात सोडून. नदीला ओढ चांगलीच होती. त्यांच्या निऱ्यांची टोकं सारखी एकाच दिशेला ओढली जात होती, आणि त्या ती सोडवतही नव्हत्या. गुरुजी खोकून गेले, पुन्हा आले. मला वाटलं, आता ह्यांना हाताला धरून उठवावं लागणार. मग त्यांनी निखिलला विचारलं, "ही समुद्राला मिळते ना रे?" तो हो म्हणाला, आणि बोलता बोलता रडायला लागला. वहिनींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग इथेच. त्यांना एका जागी ठेवून आपण घरी गेलो, तर मला रात्रीची झोप लागायची नाही. हे पाणी तरी थांबत नाही. जाऊ देत... बघत बघत जातील."

अस्थी सोडताना कलशाला हात वहिनींचाच होता. परतीच्या वाटेवर त्या गाढ झोपल्या. त्या दिवसांत पहिल्यांदाच.

माझं मात्र अजून काही खरं नाही. रविवारी पहाटे जाग येते, फोन वाजत नाही, आणि घरात मला बसवत नाही. बायको म्हणते, तुझा गुडघा कुठे गेला? काय सांगणार. आयुष्यभर ज्या पळापळीला शिव्या दिल्या, ती माझ्याकडे सोपवून हा पठ्ठ्या वाहत निघून गेला. गेल्या सोमवारी तसाच उठून वहिनींकडे गेलो. बैठकीत त्याच्या फोटोला हार, उदबत्तीचा वास. दाराशी खुर्ची. आणि खुर्चीच्या पाठीवर पंचा. मी नेहमीच्या सवयीने उचलला, दोरीवर टाकायला वळलो, आणि हाताला गार लागला. पंचा ओला होता. नुकता पिळल्यासारखा, एका टोकाला तळ्यातलं शेवाळ चिकटलेलं. मी तो हातात धरून उभा राहिलो. स्वयंपाकघरात तव्यावर थालीपीठ चुरचुरत होतं.

"सकाळी रिक्षा करून तालाबवर गेले होते," वहिनी आतून म्हणाल्या. "पायऱ्यांवर चांगली बसले. कुणी टाळी वाजवायला नव्हतं." थोडं थांबून त्या दारात आल्या, माझ्या हाताकडे बघितलं. "राहू दे भाऊजी. तिथेच ठेवा."

मी पंचा पुन्हा खुर्चीवर टाकला आणि चहा उभ्यानेच घेतला.