स्क्रूतलं कुंकू
माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वाकडं आहे, माफी असावी. कुंकवाचा वास आला की ती खंडेनवमी आठवते. लेकीनं घरीच लॅपटॉप उघडून नवी मेमरी बसवली होती. मी त्याला हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी पडदा काळाठिक्कर! तिची नोकरी त्याच्यावरच चालायची. सोलापूरला दुरुस्तीला नेला, तर कंपनीच्या माणसानं स्क्रूतलं कुंकू बघून विचारलं, “कुणी उघडला?” लेक म्हणाली, “मीच. वॉरंटी गेली का?” “नुसतं उघडल्यानं जात न्हाय, उघडताना काही मोडलं तर जाती.” त्यानं सगळं तपासलं. दोष मुळातला, पडद्याचाच निघाला. फुकट बदलून मिळाला. “पूजा मात्र लई जोरात केली, मावशी!” तो हसला. आता मी कुंकू लॅपटॉपच्या पिशवीलाच लावते, तेही भीत भीत.