वाऱ्याच्या तोंडी

वसईच्या किनाऱ्यावर बुटांचे तळ ओले करून आम्ही दोघे पूर्वेकडे निघालो. नव्वदीच्या दशकाची अखेर होती, एप्रिल संपत आला होता. सुट्ट्या मिळतील तसे तुकड्यातुकड्यांनी चालत अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत जायचे, अशी योजना होती. पहिला टप्पा वसई ते नाणेघाट. सोबतीला कार्यालयातला सहकारी माधव. नकाशा त्याच्याकडे, चहाचे सामान माझ्याकडे.

तानसा तलावापासून काही अंतर मुंबईला पाणी नेणाऱ्या जाड नळांच्या कडेने चाललो. शहापूरला मिसळ खाल्ली. तेथून डोळखांबपर्यंत डांबरी रस्ता होता आणि त्याने माधवच्या दोन्ही टाचांना फोड आणले.

डोळखांबच्या पुढे, मुरबाडच्या हद्दीकडे जाताना एका पाड्यावर पाणी मागायला थांबलो. बहुतेक दारांना कड्या होत्या. माणसे वीटभट्ट्यांवर गेली होती. पन्नाशीच्या जनीबाई मात्र घरी होत्या. नवरा आणि मुलगा-सून भट्टीवर, त्या राबासाठी मागे राहिलेल्या.

"समुद्रापासनं चालत?" त्यांनी विचारले. "का रे, यष्टी बंद हाय?"

"नाही, हौस म्हणून."

"पायांना दुसरा कामधंदा नाय वाटतं."

राब म्हणजे भाताची रोपे वाढवण्याआधी भाजून घेतलेला वाफा. जनीबाईंनी शेण, कवळ (झाडाच्या छाटलेल्या बारीक फांद्या), पातेरा (सुका पाला), गवत आणि वर मातीचा पातळ थर असा तो रचला होता. दोन महिने भारे डोक्यावरून एकटीने आणले होते. माती सावकाश भाजली की तणाचे बी मरते. नाही भाजली तर भाताआधी तण उठते. त्यांचे खाचर एकच होते. वर्षाचा भात त्यातून यायचा.

आग रानात शिरू नये म्हणून त्या बांधालगत हंड्याने पाणी शिंपडत होत्या. राब मी पेटवू का, असे माधवने विचारले.

"पेटव रे दादा. वाऱ्याच्या तोंडी लाव."

वारा पश्चिमेकडून येत होता. जिथून वारा येतो ते त्याचे तोंड, असे माधवला वाटले. मलाही तसेच वाटले. त्याने पश्चिमेच्या कडेला काडी लावली.

आग वाऱ्याबरोबर पळाली. जनीबाई हंडा टाकून धावल्या आणि ओल्या फांदीने झोडपू लागल्या, आम्हीही झोडपले. पूर्वेकडचा तिसरा हिस्सा वाचला. उरलेल्या भागात नुसती वरवर राख झाली होती. त्यांनी राखेखाली बोटे घातली. माती गार होती.

"आग वाऱ्याच्या तोंडात जायला पायजे, उलटी, हळूहळू. तू तर तिला वाऱ्याच्या पाठीवर बसवलंस."

"चुकलं, मावशी."

"चुकलं तर खरं. आता रोपं काय तुज्या नकाशावर पेरू?"

आमची तीन दिवसांची रजा उरली होती, नाणेघाटाला पुरेल इतकी. माधवने नकाशा घडी करून पिशवीत टाकला. दोन दिवस आम्ही पातेरा गोळा केला. आमचा सागाचा पहिला भारा जनीबाईंनी परत पाठवला: "यो उडतो. ऐनाचा आना." जेवायला नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी होती. पाला तरीही कमी पडला. पश्चिमेकडची एक पट्टी विरळच राहिली.

तिसऱ्या दिवशी जनीबाईंनी स्वतः पूर्वेच्या कडेला काडी लावली. आग दुपारभर वाऱ्याच्या विरुद्ध सरकत राहिली.

"भाजला का नीट?" मी विचारले.

"आषाढात कळंल."

आम्ही मुरबाडला येऊन जीपने कल्याण गाठले.

आषाढात उरलेली वाट पुरी करायला निघालो, ती त्याच पाड्यावरून. भट्टीवरची माणसे परतली होती. नवरा आणि मुलगा खाचरात चिखलणी करत होते. वाफ्यात वीतभर रोपे दाट उभी होती. पश्चिमेच्या पट्टीत मात्र तण माजले होते आणि त्यात इरले (पानांचे पावसाळी पांघरूण) घेतलेल्या जनीबाई उकिडव्या बसल्या होत्या. आम्ही पिशव्या बांधावर ठेवून शेजारी बसलो आणि उपटू लागलो.

थोड्या वेळाने त्यांनी माझी मूठ उघडायला लावली. तीन पाती वेगळी काढली.

"यो गवात. आन् यो भात."

ती तिन्ही त्यांनी अंगठ्याने पुन्हा चिखलात रोवली. माधवने आपली मूठ न विचारता पुढे केली.

"लावणीला रोपं पुरतील ना?" त्याने विचारले.

"पुरतील," जनीबाई म्हणाल्या, "तुमी नाय उपटलीत तर."

त्यानंतर प्रत्येक पाते त्यांना दाखवूनच आम्ही उपटले. त्यामुळे काम लांबले. संध्याकाळी पट्टी मोकळी झाली, आणि रजा तेवढीच असल्याने दुसऱ्या दिवशी मुरबाडहूनच परत फिरलो. कार्यालयात नाणेघाट कसा आहे, असे विचारतात. तो आम्ही अजून पाहिलेला नाही. एप्रिलमध्ये त्या वाफ्याला घाईने ओलांडून गेलो असतो, तर पाहिला असता; आणि तिथे भात उगवला की तण, हे कधी कळले नसते.