डब्यात काय आणलंस?

मुलुंडला आमच्या ऑफिससमोरच्या गाळ्यात शिवणकाम चालतं. तिथल्या सुपरवायझर बाईंचं नाव मला आजही ठाऊक नाही. कोविड सरला, ताप बघायची यंत्रं सगळ्यांनी अडगळीत टाकली. या बाई मात्र अजून रोज सकाळी दारात उभ्या असतात. येणाऱ्या प्रत्येकीला विचारतात, "काय गं, डब्यात काय आणलंस?"

एवढी कसली चौकशी? एकदा विचारलंच.

"पगार कापतील म्हणून पोरी गोळी घेऊन ताप लपवतात हो. आवाज नाही लपत."

आवाज बसलेला वाटला, की म्हणतात, "तुझी हजेरी लावते. घरी जा, झोप." मालकाला हे कसं पटवलं, त्याच जाणोत.

परवा बाईंनी डब्याचं विचारलं ते घोगऱ्या आवाजात. पहिलीच पोरगी दारात आडवी उभी राहिली. "ताई, तुमची हजेरी लावते. घरी जा, झोपा."

वाद घालायला बाईंकडे आवाजच नव्हता.