शिट्टी, मिरच्या आणि नेहाचे डोळे

आमच्या घरात डोळे चोळायला बंदी आहे. कोणी चोळलेच तर शिट्टी वाजते.

ही शिट्टी माझी. मी नशिराबादच्या शाळेत पी.टी. शिकवतो आणि राहतो जळगावात. पंचवीस वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून पोरांना ग्राउंडभर पळवतोय. (घरात माझं कोणी ऐकत नाही, पण शिट्टीला निदान दचकतात तरी!)

झालं असं, की आमच्या नेहाच्या चष्म्याचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलायला लागला. पोरगी एकोणीस वर्षांची, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. नवा चष्मा करावा, तर दिवाळीपर्यंत तोही जुना! जळगावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन धुळ्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी मशीनवर तपासणी केली आणि पडद्यावर रंगीबेरंगी नकाशा दाखवला. मधोमध लालभडक डाग.

"बुबुळावर ही जी पारदर्शक काच असते ना, ती म्हणजे कॉर्निया," बाई म्हणाल्या. "ती छान गोल हवी. हिची पातळ होऊन पुढे टोक काढायला लागलीये. नेहा, डोळे चोळतेस?"

"खाज येते मॅडम. उन्हाळ्यात तर फारच." नेहाने कसं चोळते तेही करून दाखवलं.

"खाजेला थेंब देते. पण चोळणं आजपासून बंद, एकदम बंद! एका महिन्याने पुन्हा मोजू. जाडी टिकली तर औषध आणि किरणं देऊन काच घट्ट करता येईल. अजून पातळ झाली तर तेही अवघड होऊन बसेल." मग माझ्याकडे वळून विचारलं, "घरात आणखी कोणाला चोळायची सवय?"

"छे! कोणालाच नाही," मी छाती काढून म्हणालो. शेजारी आमची सौ., सुनंदा, उगाचच खोकली.

झालं! घरी आलो. एकुलती एक पोर, आणि तिची नजर एका महिन्यावर टांगलेली. घाबरलो की मी शिस्त लावतो, तसा माझा स्वभावच आहे. नेहाचा हात नाकापर्यंत गेला रे गेला, की फुर्रर्र!

"पप्पा, मी टिकली लावतेय!"

"आधी सांगायचं!"

चार दिवसांत सुनंदाचा कुकर बिघडला. म्हणजे कुकर चांगला होता, पण त्याच्या शिट्ट्या कोणत्या आणि माझ्या कोणत्या, हे तिला कळेना. सोमवारी डाळ कच्ची, मंगळवारी भाताचा लगदा. "एक तर तुमची शिट्टी राहील या घरात, नाहीतर माझा कुकर!" ती कडाडली. शेवटी मी शाळेतून विकेटकीपरचे ग्लोव्ह्ज आणले आणि अभ्यासाला बसताना नेहाच्या हातात चढवले. पोरगी पुस्तकाचं पान उलटवायला नाक वापरायला लागली. पण डोळ्याला हात नाही! एकोणतीस दिवस नाही!

तिसाव्या दिवशी दुपारी चारला धुळ्याची वेळ होती. आम्ही बाप-लेक सकाळीच एस.टी.ने निघालो. वाटेत पारोळा. पारोळ्यात माझी मोठी बहीण, अक्का. तिच्या गावावरून तिच्या घरी न जेवता पुढे गेलं, तर ती वर्षभर बोलत नाही आणि पुढची दहा वर्षं तेच बोलते. म्हणून उतरलो.

गल्लीत शिरलो आणि नाकाला झिणझिण्या आल्या. अक्काच्या अंगणात वर्षाचा काळा मसाला चालला होता! चुलीवर कढई, कढईत मिरच्या, आणि चार बाया तोंडाला पदर बांधून खोकताहेत. अख्खी गल्ली शिंकत होती.

"ये भाऊ, ये! बठ्ठं तयार शे. जेवाबिगर जावानं नही!" अक्काने अहिराणीत जेवायचं फर्मान सोडलं.

"अक्का, अगं हिचे डोळे!"

नेहाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. खाज तर अशी सुटली असणार की बस्स! तिचा उजवा हात वर निघाला. महिन्याची तपश्चर्या, आणि चार तासांवर तपासणी! मी शिट्टी तोंडात धरली, छातीभर श्वास घेतला, आणि तो सगळा धूर माझ्या छातीत! शिट्टीतून आवाज आला तो आजारी कोंबड्याचा. पण नेहाने दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि पळत मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी सुटलो. वाटलं, आता काय, गड जिंकला! सुटलेला माणूस शहाणपणा करायला जातो. मी पाटावर बसलो, सुपातली एक भाजलेली मिरची उचलली आणि बोटांनी चुरडून जाणकारासारखा म्हणालो, "अक्का, भाजणी जरा कमी पडली." मग दुसरी चुरडली. मग तिसरी.

आणि मग, वाचकहो, मला डोळ्यात कण गेल्यासारखं वाटलं. मी मुठी वळल्या आणि दोन्ही डोळे खसाखसा, मनापासून चोळले.

"अरे देवा! डोया चोयू नको रे, डोया चोयू नको!" अक्का किंचाळली. पण उशीर झाला होता. मी अंगणात नाचत होतो. कोणी पाण्याचा तांब्या ओततंय, कोणी नळाखाली डोकं धरतंय, अक्का एका हाताने पाणी ओततेय आणि तोंडाने माझा उद्धार करतेय. मला फक्त लाल अंधार दिसत होता.

जेवण राहिलं. अडीचच्या एस.टी.त मला नेहाने हाताला धरून चढवलं. "पप्पा, पायरी. अजून एक. आता डावीकडे." जिचे डोळे दाखवायला निघालो, तीच मला वाट दाखवत होती! कंडक्टरने माझ्या डोळ्यांवरचा ओला पंचा पाहिला आणि मला आंधळा समजून अदबीने विचारलं, "काका, सवलतीचं कार्ड आहे ना?"

"सवलत कसली? पी.टी. टीचर आहे मी!"

"बरं, बरं," तो नेहाला हळूच म्हणाला, "चिडचिड होतेच हो त्यांची."

धुळ्याला पोचलो तेव्हा चारला पाच मिनिटं होती. डॉक्टरीणबाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "पेशंट बदलला का?" मग नेहाला मशीनसमोर बसवलं. मला काही धड दिसत नव्हतं, फक्त मशीनचा बारीक आवाज येत होता. तेवढ्यात मी सगळ्या देवांना नारळ बोलून टाकले.

"जाडी टिकलीये," बाई म्हणाल्या. "अगदी तेवढीच आहे. शाबास नेहा! पुढच्या आठवड्यात काच घट्ट करून टाकू."

मला हुंदकाच आला. डोळे भरले, आणि हात आपोआप वर गेला.

"काका!" "पप्पा!" दोघी एकदम ओरडल्या. बाईंनी माझं मनगट हवेतच पकडलं. "असे चोळता तुम्ही? मूठ वळून, बोटांच्या पेरांनी?"

मी हळूच मूठ सोडली.

"नेहा पहिल्या दिवशी अगदी असंच करून दाखवत होती. कुठे शिकलीस गं?"

"पप्पांनीच शिकवलं," नेहा सहज म्हणाली. "लहानपणी ग्राउंडवर धूळ गेली की म्हणायचे, रडतेस काय, मूठ वळ आणि चोळ, निघून जाईल. स्वतः करून दाखवायचे."

तिने तक्रार केली नव्हती, नुसतं सांगितलं होतं. म्हणूनच ते मिरचीपेक्षा जास्त झोंबलं. महिनाभर मी जिच्यावर शिट्टी फुंकत होतो, तिला ही खोड मीच लावली होती! मी खाली मान घालून म्हणालो, "चुकलं माझं, बेटा." ती हसली आणि तिने माझ्या गळ्यातली शिट्टी काढून आपल्या गळ्यात घातली.

बाईंनी माझेही डोळे मशीनवर पाहिले. माझी काच ठणठणीत निघाली. "नशीब तुमचं," त्या म्हणाल्या.

नेहाचं काम पुढच्या आठवड्यात नीट पार पडलं. तेव्हापासून तिचा नंबर जागचा हललेला नाही. हलतो तो मी! माझा हात डोळ्याकडे गेला की शिट्टी वाजते, आणि मला आमच्या बिल्डिंगला एक राउंड मारावा लागतो, चोळले तर तीन. पहिल्या महिन्यात माझं चार किलो वजन उतरलं. शाळेत हेडसर कौतुकाने म्हणाले, "वा सर, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच पी.टी.चे सर वाटताय!"