माझ्या अंगणात गाडी सरळ आहे

चहा घ्या, पण कप हातातच ठेवा, खाली ठेवू नका. का, ते ओघात कळेलच. आणि माझी फजिती ऐकायची असेल तर एक गोष्ट आधी मान्य करा. माझी नजर चुकत नाही! मलकापूरच्या बाजारात बैलगाडीवरचा कापूस लांबून बघून मी सांगायचो, याच्यावर पाणी मारलंय की नाही. आजही सांगेन. हसता काय?

तर, महाराष्ट्र नवा नवा होता आणि माझी मोटार जुनी होती. भाची कुसुम लहानपणापासून तिच्या मागच्या सीटवर उड्या मारायची आणि म्हणायची, "मामा, मी सासरी जाईन तं याच गाडीत!" मी शब्द दिला होता. पुढं तिला जळगाव जामोदचं स्थळ मिळालं. तिचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, हिवरा आश्रमाकडचे. दोन्ही बाजूंना सोयीचं म्हणून लग्न मलकापुरात, माझ्या अंगणात. नवरदेवाला आणायचं आणि नवरीला पोचवायचं, दोन्ही माझ्या गाडीतून.

मांडवासाठी अंगणात नवी फरशी घातली. गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून घालून घेतली. ती वाळल्यावर गाडी धुवायला तिच्यावर आणून लावली, चार पावलं मागं गेलो आणि बघतो तो काय!

गाडी डावीकडे कललेली!

कालपर्यंत धडधाकट होती हो! म्हणजे काय झालं असणार? डाव्या चाकावरची कमान, म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग, बसली, दुसरं काय! तरी नुसत्या नजरेवर मी गेलो नाही, बरं का. गवंडी आपला ओळंबा विसरून गेला होता. तो गाडीच्या टपाला आतून टांगला. दोरी डाव्या दाराकडे गेली. आता बोला! ओळंबा कधी खोटं बोलतो का?

रशीद मिस्त्रीला बोलावलं. त्यानं खाली वाकून बघितलं, कमानीवर हातोडी वाजवली.

"शेठ, कमान तं चांगली हाये. पहले गाडी सडकेवर काढून पाहू."

"काढून काऊन पाहतं? मले इथूनच दिसून राह्यलं!"

"पण शेठ..."

"रशीद, तू माह्या कापसात बोलतं का? मंग माह्या नजरेतही बोलू नको. डाव्या कमानीत एक पट्टी जास्त टाक."

तो बिचारा काही बिचारा नव्हता. चांगला तासभर भांडला माझ्याशी. पण गाडी कोणाची? पट्टी पडली. गाडी फरशीवर ताठ उभी राहिली, ओळंबा मधोमध. मी रशीदच्या तोंडात पेढा कोंबला, म्हणजे तोंड बंद राहावं.

लग्नाच्या दिवशी भाऊजींना शेजारी बसवून निघालो. गावाबाहेर पडतो न पडतो तोच भाऊजी माझ्या अंगावर.

"भाऊजी, जरा तिकडे सरका ना."

"मी काऊन सरकू? तुमची गाडीच मले सरकवून राह्यली!"

"रस्त्याले उतार हाये."

"जळगावपर्यंत?"

"हाव, जळगावपर्यंत!"

परतताना मागच्या सीटवर नवरदेव आणि त्याचे वडील. तोल सावरावा म्हणून व्याह्यांना मुद्दाम डावीकडे बसवलं, कारण माणूस वजनदार. पण पहिल्याच वळणावर ते अख्खेच्या अख्खे मुलावर गेले. नवरदेवाचं बाशिंग उजव्या कानावर! नांदुऱ्याला व्याही खाली उतरले आणि गाडीला एक चक्कर मारून आले.

"मामासाहेब, गाडी वाकडी हाये तुमची. माह्या सुनेले मी असल्या गाडीत बसू देणार नाही. ते आमच्या वऱ्हाडाच्या ट्रकात येईन."

कुसुम ट्रकात? मी जिवंत असताना? माझं डोकंच फिरलं.

"वाकडी? माह्या अंगणात चला अन् पाहा! तिथं वाकडी दिसली, तं खुशाल न्या ट्रकात!"

आलो. गाडी फरशीवर त्याच जागी, तशीच लावली. काय सांगू, अशी सरळ उभी राहिली की व्याही डोळे चोळायला लागले. या बाजूनं बघतात, त्या बाजूनं बघतात. मी छाती काढून उभा. सगळं वऱ्हाड बघतंय!

तेवढ्यात आचाऱ्यानं तांदूळ धुतलेलं पाणी घमेल्यातून फरशीवर ओतलं. ते पाणी एका क्षणाचाही विचार न करता आमच्या पायांमधून, गाडीखालून, डावीकडच्या नालीत गेलं. व्याह्यांनी पाण्याकडे बघितलं, मग गाडीकडे.

"मामासाहेब, ही फरशी कोणं घातली?"

आणि मी, मूर्खासारखा, कौतुकाच्या भरात म्हणालो, "मी! सोता उभा राहून! पंगतीचं पाणी साचू नाही म्हणून असा उतार द्याले लावला, का गवंडी..."

तिथंच थांबलो. पण फार उशिरा थांबलो. सगळा मांडव खदाखदा हसत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू? रशीद तर खांबाला धरून हसत होता.

पाठवणीच्या वेळी ट्रक दाराशी उभा. मी मान खाली घालून. शब्द गेला होता ना! तेवढ्यात शालूच्या पदराआडून आवाज आला, "मामाची गाडी वाकडी असो का तिकडी, मी तिच्यातच बसीन."

व्याही काही बोलणार, तोच नवरदेव पटकन म्हणाला, "बाबा, तुमी पुढं बसा."

कुसुम डावीकडे, नवरदेव उजवीकडे. गाडी निघाली आणि पोरगी अलगद त्याच्या बाजूला सरकली. जळगावपर्यंत त्या पोरानं गाडीबद्दल अवाक्षर काढलं नाही! तक्रार होती फक्त व्याह्यांची, कारण ते सगळा रस्ता माझ्या मांडीवर होते.

ती पट्टी मी काढली नाही. रशीदनं हात जोडले, भाऊजींनी टोमणे मारले, तरी नाही! गाडी सरळ बघायची असेल तर माझ्या अंगणात या, कोणीही या. ओळंबा लावून दाखवतो.

अरे अरे अरे! कप खाली ठेवू नका म्हटलं होतं ना? आता बघा, चहा चालला नालीकडे.