ब म्हणजे ब्रेक, ब म्हणजे बोंबल्या

विहिरीवरची मोटार आणि रस्त्यावरची मोटार या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

माकणीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पंचक्रोशीतल्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं येतात आणि (बहुतेक वेळा) बऱ्या होऊन जातात. त्यामुळं पुण्यात नोकरी करणारी माझी भाची अश्विनी जुनी, लालभडक, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मला वाटलं, पोरगी योग्य माणसाकडं आली!

"मामा, रविवारी हैदराबादकडच्या ट्रॅकवर गाडी पळवायचीय. आयुष्यात पहिल्यांदा! पण आधी तपासणी असते. वायरिंगमध्ये खोट निघाली की घरी परत. एसी, टेप, सगळ्या जादा वायरी काढायच्यात. अन् बाहेरून एक लाल कडी बसवायचीय. अपघात झाला तर कुणीबी ती ओढायची, की गाडीचा सगळा करंट बंद. तुमच्या शेडची सावली मिळंल का?"

तिनं सावली मागितली. मी स्वतःलाच देऊन टाकलं!

"अगं, वायर म्हणजे वायर! पाणी उपसणारी काय अन् पेट्रोल पिणारी काय!"

"पण मामा, वायर सोडवायच्या आधी तिला नावाची चिठ्ठी लावायची हं."

लावल्या. पण पूर्ण नावं लिहीत बसतो कोण? मी एकेक अक्षर लिहिलं. ब म्हणजे ब्रेकलाइट. आणि ब म्हणजे बोंबल्या (आमच्या दुकानात हॉर्नला हेच म्हणतात). माझं मला कळत होतं!

शनिवारी दुपारी अश्विनीनं सगळ्या जोडण्या स्वतः तपासल्या आणि किल्ली फिरवली. गाडी अशी डरकाळली, की शेजाऱ्यांची म्हैस दावं तोडून थेट धरणाकडं निघाली. अश्विनी खुशीत जेवायला घरात गेली.

तेवढ्यात माझी बायको सुमन पूजेचं ताट घेऊन शेडमध्ये आली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली.

"लावा आता चालू!"

मी किल्ली फिरवली. गाडी ढिम्म!

"म्या कशालाच हात लावला न्हाय," सुमन आधीच म्हणाली.

अश्विनीला हाक मारावी, हे मला सुचलं. पण तीस वर्षांच्या अनुभवाला ते पटलं नाही. मी फ्यूजचा डबा उघडला. मग डॅशबोर्ड उघडला. मग स्टीअरिंगखालचं वायरिंग, मग मागच्या दिव्यांचं. अर्ध्या तासात गाडीत शेवया वाळत घातल्यासारखं दिसायला लागलं!

अश्विनी हात पुसत बाहेर आली. आधी शेवयांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग गाडीच्या बाजूला.

"मामी, लिंबू कुठं बांधलंय?"

"ही काय, आयती लाल कडी होती की! चांगली ओढून गाठ मारलीय."

अश्विनीनं गाठ सोडली, कडी आत ढकलली. गाडीत दिवे लागले. माझ्या डोक्यातले गेले.

"पण मामा, हे सगळं कशाला उघडलं?"

"सहज... बघावं म्हणलं. लावतो की लगेच. चिठ्ठ्या हायेत ना!"

तिनं विश्वास ठेवला. तिची चूक एवढीच.

रविवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. मागच्या चिमुकल्या बाकावर मी घडी घालून बसलो होतो. गावाबाहेर पहिला स्पीडब्रेकर आला. अश्विनीनं ब्रेक दाबला.

पोंऽऽऽ!

दचकून तिनं ब्रेक आणखी जोरात दाबला.

पोंऽऽऽऽऽऽ!

तिनं हॉर्नचं बटण दाबून बघितलं. शांतता. (मागं ब्रेकलाइट मात्र झकास पेटले.)

"मामा," ती दात आवळून म्हणाली, "आता थांबले तर तपासणी चुकंल. तिथं पोचल्यावर बघते."

जगाचा ब्रेक मागच्याला दिसतो; आमचा पुढच्यामागच्या सगळ्यांना ऐकू येत होता! उमरग्याच्या चौकात आम्ही एका ट्रकमागं हळूहळू, अगदी अदबीनं थांबलो. तेवढा वेळ हॉर्न अखंड! ड्रायव्हर खाली उतरून कन्नडमध्ये बराच बोलला. शब्द कळले नाहीत, मुद्दा कळला.

ट्रॅकवर तपासनीस गाडीत बसले. कडी ओढून बघितली, मान डोलावली. मग ब्रेक दाबला आणि दचकून टपाला डोकं आपटलं.

"ये वायरिंग कौन गधा किया जी?"

अश्विनीनं माझ्याकडं बघितलं.

"पुराना मालिक किया होंगा साब," मी म्हणालो. "कैसे कैसे लोग रहते!"

अश्विनीनं दोन वायरींची अदलाबदल केली. पाच मिनिटांचं काम! गाडी पास झाली. आणि मग पोरीनं ती अशी पळवली, अशी पळवली, की वळणावर आम्ही उभ्या जागी वाकत होतो. सुमन पदर खोचून ओरडत होती, "हाण अश्विनी, हाण!" उतरली तेव्हा अश्विनी घामानं निथळत होती आणि हसू तोंडात मावत नव्हतं. येऊन तिनं मला मिठीच मारली.

तपासनीससुद्धा खूश होऊन आले. "गाडी एक नंबर! तय्यार कौन किया?"

मी छाती फुगवून पुढं झालो. "अपुनच, साब!"

"व्हय साहेब," सुमन मागून म्हणाली, "गधा बी ह्येच!"